अभावाचे अधिकरण

सोलापुरात एखाद्या दंतवैद्यापुढे 12 वर्षांच्या मुलीला घेऊन बसलेली आई जेव्हा विचारते की, दुधाचा दात पडून इतके दिवस झाले तरी नवा का येत नाही, तेव्हा नकळत ती आपल्या नैयायिकांच्या एका जुन्या प्रश्नालाच हात घालीत असते. वैशेषिक दर्शनाच्या कणादांनी सहा पदार्थ, म्हणजे ज्ञेय वस्तूंचे मूळ वर्ग, गणिले. पुढील आचार्यांनी अभाव हा सातवा मानला, आणि अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त त्याचे चार भेद आले. उगवावयाच्या दाताचे आज नसणे हा प्रागभाव. किडल्यामुळे उपटलेल्या दाताचे नसणे हा प्रध्वंसाभाव. आणि ज्या दाताचा अंकुरच जबड्यात कधी धरला नाही, त्याचे नसणे अत्यंताभावाच्या कोटीत जाते, कारण प्रागभावाला अंत असतो, याला तो नाही. तोंड उघडून पाहता तिन्ही ठिकाणी फट तेवढी दिसते. म्हणूनच, असती तर दिसलीच असती अशा स्थितीत वस्तू न दिसणे हेच तिच्या अभावाचे प्रमाण, ही मीमांसकांची अट मला मोलाची वाटते: हाडात दडलेला सुळा डोळ्यांना दिसत नाही एवढ्याने तो गैरहजर ठरत नाही, एक्स-रेचा दाखला मिळेपर्यंत निकाल तहकूबच ठेवावा लागतो.

अक्कलदाढा वगळल्या, तर जन्मतःच न घडणाऱ्या दातांत खालची दुसरी उपदाढ आणि वरच्या मधल्या दोन दातांलगतचा पटाशीचा दात हे प्रमुख होत. या पटाशीच्या दातासाठी मुख्य मार्ग दोन. तारा बांधून सुळा पुढे ओढावा, टोक घासून त्याला शेजाऱ्याचे रूप द्यावे. येथे चौथा, म्हणजे 'हे ते नव्हे' असा अन्योन्याभाव आड येतो, कारण तो अधिक पिवळसर, रुंद, लांब मुळाचा सुळा जाणत्या नजरेला सुळाच दिसतो. तरीही तो जिवंत, तिचा स्वतःचा दात आहे, आणि दंतपंक्तीची ठेवण अनुकूल असेल तेथे माझा कौल त्यालाच आहे.

दुसरा मार्ग जागा राखून पुढे इम्प्लांट बसविण्याचा. ज्या सिद्धरामेश्वरांनी 12व्या शतकात या सोलापूर नगरीत तलाव खोदविला आणि 68 लिंगे स्थापिली असे परंपरा सांगते, त्यांनाच अल्लमप्रभूंनी स्थावराच्या पलीकडे, अंतरीच्या शोधाकडे वळविले, अशी शरण संतांची कथा आहे. देहालाच देवालय मानणाऱ्या त्या विचारातील स्थावर-जंगम भेद येथे अक्षरशः प्रत्ययास येतो. हाडाशी एकजीव झालेला टायटॅनियमचा खुंट स्थावर. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर सरकतात, तो मात्र जागीच खिळून काही वर्षांत आखूड भासू लागतो. वाढ पुरी होण्यापूर्वी तो बसवू नये, तोवर तात्पुरत्या दातावर निभवावे, हा दंतशास्त्राचा दंडक यातूनच आला.

भग्न मूर्ती पूजेतून काढावी, हा देवळातला संकेत माणसाच्या देहाला लावून, लेकीच्या लग्नाच्या धास्तीने ती फट तातडीने बुजविण्याची तजवीज करणारे पालक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. उपदाढेच्या जागी, खाली वारस नसलेली दुधाची दाढ भक्कम असेल, तर ती वर्षानुवर्षे काम देते. तिला उगाच काढू नये. नैयायिक विचारतात, अभाव कोणाचा आणि कोठे? या 'कोठे'चे, म्हणजे अधिकरणाचे, उत्तर ती मुलगी आहे. संमतिपत्रावर सही पालकांची असते, आणि ते योग्यच. परंतु राखलेल्या जागेची निगा आयुष्यभर तिलाच राखावयाची आहे, तेव्हा घरी मराठी, तेलुगू, कन्नड जी भाषा चालत असेल तीत दोन्ही मार्ग, एक्स-रे हातात देऊन, आधी तिला समजावून सांगावेत. आणि तिने वर्षभराची मुदत मागितली, तर शरीराला धोका नसेल तेथे ती द्यावी.