मित्राचा दोष कोणाला सांगावा?

परीक्षेत कॉपी करणाऱ्या मित्राचे नाव जो मुलगा बाईंना जाऊन सांगतो, त्याला वर्गात काय म्हणतात? चुगलखोर. आपण मुलांना लहानपणापासून खरे बोलायला शिकवतो. पण खरे बोलून मित्राला अडचणीत आणणाऱ्या मुलाचे कौतुक घरातही फारसे होत नाही. आपल्या भाषेत चहाडी, चुगली, लावालावी असे शब्द भरपूर आहेत. मित्राचा गुन्हा योग्य ठिकाणी सांगण्याच्या कृतीला मात्र एकही चांगला शब्द सुचत नाही. म्हणजे हा प्रश्न आपण सोडवलेला नाही, टाळलेला आहे.

अमेरिकेतील सैनिकी महाविद्यालयांनी तो टाळला नाही. त्यांनी तो नियमातच घालून ठेवला, आणि त्याचे परिणाम भोगले. म्हणून त्यांची हकिगत विचार करण्यासारखी आहे.

व्हर्जिनिया राज्यात लेक्सिंग्टन नावाच्या छोट्या गावी १८३९ साली स्थापन झालेले व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट आहे. दुसऱ्या महायुद्धातील सेनानी जॉर्ज मार्शल इथले. १९९७ पासून तिथे मुलीही शिकतात. इथून बाहेर पडणारे सगळेच सैन्यात जात नाहीत, पण चार वर्षे सगळ्यांनी सैनिकी शिस्तीत काढायची असतात. तिथली आचारसंहिता एका वाक्याची आहे. कॅडेट खोटे बोलणार नाही, फसवणूक करणार नाही, चोरी करणार नाही, आणि असे करणाऱ्याला खपवून घेणार नाही. पहिल्या तीन गोष्टी कुठल्याही घरात सांगितल्या जातात. खरा पेच चौथीत आहे. खोलीतल्या सोबत्याने केलेली फसवणूक तुम्हांला कळली आणि तुम्ही गप्प बसलात, तर तुम्हीही तितकेच दोषी.

हा नियम पाळण्याचे फळही मोठे आहे. कॅडेटने दिलेला शब्द पुरावा न मागता मानला जातो. उत्तरपत्रिकेखाली 'मी मदत घेतली नाही, दिली नाही' अशा अर्थाची सही केली की ती पुरते. आपल्याकडे एका दाखल्यासाठी किती झेरॉक्स आणि किती सह्या लागतात हे आठवले, म्हणजे अशा विश्वासाची किंमत कळते.

पण नियम मोडला तर? खटला विद्यार्थ्यांनीच निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या न्यायासनापुढे चालतो, आणि परंपरेने शिक्षा एकच : कायमची हकालपट्टी. लहान खोटे, मोठे खोटे असा भेद नाही. जुनी रीत अशी की मध्यरात्री ढोल वाजू लागत, सगळे कॅडेट झोपेतून उठून सज्जांवर उभे राहत, दोषी मुलाचे नाव पुकारले जाई, आणि ते नाव इथे पुन्हा कोणी उच्चारायचे नाही असे सांगितले जाई. तोवर तो मुलगा आवाराबाहेर गेलेला असे.

न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत याहून वेगळी शिक्षा होती. तिचे नाव 'मौन'. ज्याला कॅडेटांनी दोषी ठरवले, पण अधिकाऱ्यांनी काढले नाही, त्याच्याशी कोणी बोलायचे नाही. जेवणाच्या टेबलावरही तो एकटा. ही शिक्षा १९७३ साली बंद झाली. तत्पूर्वी तिचा उपयोग कसा झाला पाहा. १९३२ साली बेंजामिन डेव्हिस नावाचा कृष्णवर्णीय तरुण तिथे दाखल झाला. त्याने काहीही गैर केले नव्हते. तरीही चार वर्षे कामापुरते सोडून त्याच्याशी कोणी बोलले नाही. त्याला खोलीतही सोबती मिळाला नाही. १९३६ साली २७६ जणांत पस्तिसावा येऊन तो बाहेर पडला आणि पुढे अमेरिकेच्या हवाई दलात जनरल झाला. अप्रामाणिक माणसासाठी राखलेले हत्यार एका निरपराध मुलावर चालवताना त्या सच्च्या, शब्दाला जागणाऱ्या मुलांना आपण काही चुकतो आहोत असे वाटले नाही. इभ्रतीचा न्याय समूहाच्या हाती असतो, आणि समूहाचे पूर्वग्रह त्यात सहज मिसळतात. आपल्याकडे वाळीत टाकण्याची प्रथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

पुन्हा व्हर्जिनियाकडे येऊ, कारण तिथे ढोलाखेरीज आणखी एक परंपरा आहे. पहिल्या वर्षाच्या कॅडेटला तिथे 'रॅट' म्हणजे उंदीर म्हणतात. डोके भादरलेले, चालताना शरीर ताठ, इमारतीत ठरवून दिलेल्या रेषेवरूनच जायचे, वरच्या वर्गाचा कोणीही अडवून ओरडू शकतो. हे महिनोन्महिने चालते. या काळात प्रत्येक रॅटला शेवटच्या वर्षाचा एक पाठीराखा दिला जातो. त्याला 'डाइक' म्हणतात. हा शब्द संचलनाच्या पोशाखावरून आला. छातीवर फुलीसारखे बांधायचे पांढरे पट्टे एकट्याला नीट बांधता येत नाहीत. धाकटा थोरल्याला ते चढवायला मदत करतो. रॅट सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहतात, शेवटच्या वर्षाचे तळमजल्यावर. धाकटा जिने उतरून थोरल्याच्या खोलीत येतो, तेव्हा त्याला जरा सैल बसता येते. अभ्यास, घरची आठवण, सोडून जावेसे वाटणे, हे सगळे तिथे बोलता येते. आपल्याकडे गावातून शहरात शिकायला गेलेल्या मुलाला आधीच्या पिढीतला एखादा दादा सांभाळून घेतो, तसेच हे नाते. फक्त ते तिथे नेमून दिलेले असते.

आता या दोन परंपरा एकमेकींसमोर ठेवा. त्या तळमजल्यावरच्या खोलीत रात्री धाकटा सांगतो, "काल मी पाढे म्हटल्यासारखे उत्तर दिले, पण ते खोटे होते." थोरल्याने काय करावे? पाठीराखा म्हणून त्याचे काम आहे त्याला सावरणे. संहिता म्हणते, खपवून घेऊ नकोस. आणि कळवले की पुढे एकच वाट आहे. ज्याने बुटांना पॉलिश कसे करावे हे शिकवले, त्याला खोटे कसे सुधारावे हे शिकवायची संधीच उरत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाची फार नीट फोड केली आहे. चुकलेल्याला वाटेवर आणण्यासाठी बोलणे हे प्रीतीचे काम. समाजाच्या भल्यासाठी त्याला शिक्षा करणे हे न्यायाचे काम. दोन्ही आवश्यक, पण दोन्ही एक नव्हेत. मत्तयच्या शुभवर्तमानात आधी एकांतात जाऊन भावाला त्याचा दोष दाखवायला सांगितले आहे, तो यातला पहिला मार्ग. मात्र थॉमस भाबडे नाहीत. गुप्त दोषाने इतरांचे नुकसान होणार असेल, तर एकांताची वाट पाहत बसू नये, लगेच सांगावे, असे ते म्हणतात. एकांतातल्या बोलण्याने ते नुकसान नक्की टळणार असेल तेवढाच अपवाद. उद्या ज्याच्या अहवालावर विसंबून जवान पुढे जाणार, त्याचे खोटे ही खासगी बाब नव्हे. म्हणून चौथा नियम मला चुकीचा वाटत नाही. चूक आहे ती दोष उजेडात आणणे आणि माणसाला बाहेर फेकणे या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधण्यात. तशी गाठ मारली की सज्जन मुले बोलायचीच थांबतात.

वेस्ट पॉइंटमध्ये नेमके हेच झाले. १९५१ साली ९० कॅडेटना जावे लागले. त्यांत फुटबॉल संघातील बरेच जण होते. खपवून न घेण्याचे कलम १९७० मध्ये संहितेत लेखी आले. पुढे १९७६ साली विद्युत अभियांत्रिकीचा एक पेपर घरी सोडवायला दिला होता. त्यात दीडशेहून अधिक जण सापडले. एवढ्या मोठ्या संख्येत कोणालाच काही माहीत नव्हते, असे कोण म्हणेल? अंतराळवीर फ्रँक बोरमन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. ते स्वतः याच अकादमीचे विद्यार्थी. आयोगाने दोषाचा वाटा संस्थेच्याही पदरात घातला आणि हकालपट्टी हीच एकमेव शिक्षा असू नये असे सुचवले.

शिक्षा सौम्य केली की सगळे सुरळीत होते, असे मात्र नाही. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत खपवून न घेण्याचे कलम नाही. तिथे सोबत्याला बाजूला घेऊन समजावण्याची मुभा आहे. तरीही १९९२ च्या एका पेपरफुटीत शंभरावर कॅडेट गुंतले आणि २४ जणांना काढावे लागले. वेस्ट पॉइंटने २०१५ साली, स्वतःहून कबुली देणाऱ्याला अकादमीत राहू देण्याची सोय केली. २०२० च्या मे महिन्यात, कोविडमुळे घरून दिलेल्या गणिताच्या परीक्षेत ७३ जणांवर आरोप आला. बहुतेकांनी कबुली देऊन या सोयीचा आधार घेतला. पण उत्तरपत्रिकांतल्या सारख्याच चुका पकडल्या गेल्यानंतरची ती कबुली! २०२१ मध्ये ती सोय रद्द झाली. मला त्यात फार वावगे दिसत नाही. पकडला गेल्यावर सुटकेसाठी दिलेली कबुली वेगळी, आणि कोणी पाहिले नसताना जिने उतरून येऊन सांगितलेले वेगळे. नियमाला हा फरक ओळखता येत नाही. समोर बसलेल्या थोरल्याला तो ओळखता येतो, कारण तो त्या मुलाला रोज पाहतो.

त्या थोरल्याने काय करावे, याचे उत्तर वेस्ट पॉइंटच्या एका पद्धतीत थोडेसे सापडते. संशय आला की आधी सरळ त्या सोबत्याकडे जायचे, नेमके काय घडले ते विचारायचे, आणि दोष असेल तर "तू स्वतः जाऊन सांग" असा आग्रह धरायचा. तो गेलाच नाही, तर मग आपण जायचे. यात पांघरूण घालणे नाही आणि पाठीमागून वार करणेही नाही. त्याच्यासोबत त्या दारापर्यंत चालत जायचे, हे मी माझ्याकडून जोडीन. चुगलखोर सहसा एवढे कष्ट घेत नाही.

१९७६ साली बाहेर गेलेल्यांना एका वर्षानंतर परत येण्याची परवानगी मिळाली. कित्येक जण आले. ज्या वर्गांतून नाव कमी झाले होते, तिथेच पुन्हा बसले आणि पदवी घेऊन अधिकारी झाले.