वसुबारस आणि वाघबारस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आश्विन वद्य द्वादशीला आपण गाय-वासराची पूजा करतो. सुरतेत गाय शोधत फिरावं लागतं, तरी वसुबारस चुकवत नाही. त्याच तिथीला डांग आणि धरमपूरच्या पाड्यांवर आदिवासी बांधव वाघबारस करतात. वाघदेवाला नारळ वाहून ते म्हणतात, बाबा, आमची गुरं सांभाळ, गुराखी सांभाळ. बघा हं, आपण गाय पुजतो आणि ते गाईला खाणाऱ्यालाही पुजतात! ज्याचं भय वाटतं त्याचाही द्वेष नाही. आपण पारायणात जी भूतदया वाचतो, ती हीच.

पण आपली भूतदया आपल्याला फुकट पडते. तिची किंमत दुसरंच कुणी भरतं.

वांसद्याचं राष्ट्रीय उद्यान १९७९ सालचं. डांगचं पूर्णा अभयारण्य सुमारे १६० चौरस किलोमीटरचं. जंगल राखलं हे चांगलंच झालं, नवसारीची पूर्णा त्याच डोंगरांतून उतरते. पण राखीव जंगल म्हटलं की सरपण, चराई, बांबू, सगळ्याला नियम आले. कोटवाळिया समाजाचं तर पोटच बांबूवर. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि इतर गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला आहे, पण दावा ग्रामसभेमार्फत करायचा, कागद जोडायचे. जिला सही करता येत नाही, त्या माउलीने हे कसं करावं?

मग दिवाळीनंतर ही कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला आपल्याकडे येतात, बारडोली, मढी, चलथाणच्या कारखान्यांकडे. डांगची येतात, तशी आपल्या धुळे-नंदुरबारचीही येतात. शेताच्या कडेला पाल ठोकून राहतात, लेकरं उघड्यावर निजतात. आणि त्याच उसात बिबट्या असतो, मादी पिल्लंही तिथेच घालते. आपल्या चहातली साखर या वाटेने येते.

कुणी विचारतं, वाघ वाचवायचा की माणूस? पण माउलींनी पसायदानात निवड केलीच नाही, सर्व जिवांमध्ये मैत्र मागितलं. भुकेल्या आणि भ्यालेल्या माणसाकडून एकट्याने मैत्रीची अपेक्षा करणं हा न्याय नव्हे. त्याचा भार थोडा आपण उचलायचा.

म्हणून या वसुबारसेला आपल्या केंद्रातर्फे एवढं करूया :

🔸 पूजेचं सूप, टोपली बांबूकाम करणाऱ्यांकडूनच घ्यावी. घासाघीस नको.
🔸 जुने कपडे नेऊन टाकू नयेत. आधी पालावर जाऊन काय हवं ते विचारावं. बॅटरी, ताडपत्री, लेकरांना खाट, जे ते सांगतील ते.
🔸 आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनी अर्ज भरून द्यावेत. जनावर मारलं गेलं तर ते न हलवता आधी वनखात्याला कळवावं, पंचनाम्याशिवाय मदत मिळत नाही, हे समजावून सांगावं.
🔸 बिबट्याचे भीतीदायक व्हिडिओ पुढे पाठवू नयेत.
🔸 सापुताऱ्याला जाताना जंगलात प्लास्टिक टाकू नये.

गाईच्या नैवेद्याचं ताट वाढताना एक वाटा पालासाठी बाजूला काढूया. ज्यांना यायचं आहे त्यांनी ग्रुपवर नाव लिहावं.

श्री गुरुदेव दत्त 🙏