पहिले दीडशे किलोमीटर

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, वेळ साडेनऊ-दहा तास. मोबाईलवर हे क्षणात दिसतं, पण यवतमाळच्या माणसाला त्याचा उपयोग बेताचाच. त्याला आधी नागपूर गाठायचं असतं: दीडशे किलोमीटर, एसटीने तीन-साडेतीन तास. मग विमानतळावर दोन तास आधी हजेरी. मुंबईचं उड्डाण दीड तासाचं, आणि तिथे पुन्हा चार-पाच तास ताटकळणं, कारण पुढचं विमान चुकलं तर सगळंच मुसळ केरात. हिशेब मांडला तर दिवसभराच्या या धावपळीतले जेमतेम निम्मे तास हवेत जातात.

हे हवेतले तास कमी होतील, ही आशा व्यर्थ आहे. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणलं, तेव्हापासून प्रवासी विमानांचा वेग जवळपास तिथेच आहे. (काँकॉर्ड आलं आणि २००३ मध्ये गेलंही.) उलट वेळ वाढूच शकतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना वळसा पडू लागला. मग वाचवायचा तर जमिनीवरचाच वेळ उरतो.

जमिनीवरच्या या टप्प्याचं मोल इंग्रजांना पक्कं ठाऊक होतं. फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे माणूस नव्हता, कापूस होता. किलिक-निक्सन कंपनीची यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद रेल्वे, आपली शकुंतला, टाकली गेली ती वऱ्हाडातल्या गाठी मुख्य लाइनवर, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरला पोचवण्यासाठी. खुद्द तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. ते १९९४ पर्यंत राबलं. म्हणजे समुद्रापारच्या बाजाराचं अंतर मोजताना सुरुवात कापसाच्या गावापासून झाली. माणसाचं अंतर मात्र आपण अजूनही विमानतळापासून मोजतो.

शकुंतला आता बंद आहे. रेल्वेसाठी धामणगाव नाहीतर बडनेरा गाठावं लागतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी कळंबपर्यंत आली. तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन झालं, यवतमाळ पुढेच राहिलं. शहराला विमानतळही आहे, धावपट्टीसकट. नाही ते फक्त रोजचं विमान.

त्यात जिल्हा असा ऐसपैस की सगळ्यांचा विमानतळही एक नाही. वणीवाला नागपूरला जातो, उमरखेडचा नांदेडकडे वळतो, नेरवाल्याला अमरावतीचं बेलोरा जवळ. तिथून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. परतीच्या वाटेवरही तेच. परदेशातल्या मुलाला घरून वाईट बातमीचा फोन येतो, तेव्हा तो तिकीट मिनिटांत काढतो. नागपूरला उतरल्यावर रात्री दोन वाजता गावाकडे कोण नेईल, याची फोनाफोनी मात्र विमानात बसेपर्यंत चालू असते.