व्हॉल्व्हला भार हवा

रात्रीची जेवणं उरकली, कर्जत निजायला लागलं, की सावकाश बसा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर समोर असू द्या, पण बटण इतक्यात दाबू नका.

आधी हेडफोन हातात घ्या. सेनहायझरचा एचडी 600 असेल, तर तो 300 ओहमांचा. त्याच्या कॉइलची तार फार बारीक, वेढे पुष्कळ, म्हणून रोध जास्त. त्याला करंट नावापुरता लागतो. अर्ध्या व्होल्टवर जेमतेम 1 मिलिवॅट होतो, आणि तेवढ्यात कान भरून जातो. जरा थांबा. किती थोड्यात भागतं, हे मनाशी घोळू द्या.

आता अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहा. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर 8 ओहमांचा टॅप आहे, स्पीकरसाठी. 8 ओहमांचा भार असला, की व्हॉल्व्हला आपल्या बाजूने हवे तेवढे हजारो ओहम दिसतात. तिथे नुसता 300 ओहमांचा हेडफोन लावला, तर व्हॉल्व्हच्या लेखी भार जवळजवळ नाहीच. त्याला आराम मिळेल असं वाटतं ना? घडतं उलटं. मोटेचा नाडा तुटला, की ओढणारे बैल स्वतःच्याच जोराने तोंडघशी पडतात, तसं इथे होतं. विशेषतः पेंटोड व्हॉल्व्ह असतील आणि आवाज मोठा असेल, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन जळू शकतं.

म्हणून त्याला भार द्या. 7 ओहम आणि 1 ओहम असे दोन वायरवाउंड रेझिस्टर एकापुढे एक जोडा आणि ही जोडी 8 ओहमांच्या टॅपवर लावा. 10 वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला मोठा रेझिस्टर 20 वॅटचा असावा. तापला तरी निभावतो. हेडफोन फक्त 1 ओहमाच्या टोकांवर घ्या. अ‍ॅम्प्लिफायरने पूर्ण जोर लावून 9 व्होल्ट दिले, तरी हेडफोनपर्यंत जेमतेम 1.1 व्होल्ट येतो. बाकी सगळी ताकद उष्णता होऊन जाते. ती वाया गेली असं मी मानत नाही. ती गेली, म्हणूनच उरलेला स्वर सरळ आला.

आता बटण दाबा. फिलामेंट लाल होऊ द्या. गाणं लावू नका, नुसतं ऐका.

स्पीकरवर न जाणवणारी घरघर कानाशी लगेच कळते. फिलामेंटच्या एसीतून येते ती 50 हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर उरते ती 100 हर्ट्झची. त्या दोन रेझिस्टरांनी गाण्याबरोबर ही घरघरही आठपट खाली आणली आहे. भीमेच्या बाजूला, सिद्धटेककडे, रात्री पंप सुरू झाले आणि लाइनचं व्होल्टेज पडलं, की 6.3 व्होल्टचं फिलामेंटही मंदावतं. स्टॅबिलायझर ही इथे चैन नाही. रेहेकुरीच्या माळावर काळवीट पाहायला गेला असाल, तर खरी शांतता तुम्हाला ठाऊक आहे. कान आधी तिथवर नेऊन मगच तंबोरा लावा. तारेचा झंकार विझत कुठे नाहीसा होतो, तिथपर्यंत त्याच्या मागे जा. घाई नाही.

आणि हे मात्र मनापासून सांगतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या किंवा आउटपुटची दोन्ही टोकं जमिनीपासून अलग असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ही जोडणी जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय करू नका. आत 300-400 व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. झाकण उघडू नका. हेडफोन कानावर चढवण्याआधी आवाज शून्यावर आणा, मग हळूहळू वाढवा. 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा आहे.