वडील माणसाचें स्मरण कसें करावें?

खेड्यांतील एखादा वृद्ध कुटुंबप्रमुख प्रभूमध्यें निद्रिस्त झाला म्हणजे मंडळी जमते, उपासना होते, आणि कोणी तरी उठून त्याच्या आयुष्याविषयीं चार शब्द बोलतो. त्या चार शब्दांत मृताचे गुण तेवढेच सांगावे काय? दोषांचा उच्चार मुळींच करूं नये काय? हा प्रश्न अलीकडे आमच्याच घरीं उभा राहिला, आणि तो दिसतो तितका लहान नाहीं असें आम्हांस कळून आलें.

आमचे आजोबा नव्वदी ओलांडून गेले. लहानपणीं त्यांनीं मोट हाकली. १९७२ च्या दुष्काळांत रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि तेथें मिळणारी सुकडी आपण न खातां उपरण्यांत बांधून मुलांकरितां घरीं आणिली. रविवारीं घंटा होण्यापूर्वीं ते उपासनामंदिराचें अंगण झाडीत. हें सर्व सांगावयाचें ठरलें. परंतु त्याच दुष्काळांत वडिलोपार्जित विहीर आटली. दोघां भावांनीं मिळून ती खोल केली, आणि पाणी लागल्यावर पाळीवरून दोघांत वांकडें आलें. पुढें वीस वर्षें ते एकाच मंदिरांत बसले, एकाच प्रभुभोजनांत सहभागी झाले, पण एकमेकांशीं बोलले नाहींत. धाकटे भाऊ वारले त्या दिवशीं आजोबा बांधापर्यंत गेले आणि तेथूनच परत फिरले. हें सांगावें कीं सांगूं नये?

सांगूं नये असें म्हणणारांस शास्त्राचा आधार आहे. नोहा द्राक्षारसानें धुंद होऊन डेऱ्यांत उघडा पडला, तेव्हां शेम व याफेथ यांनीं पाठमोरे चालत जाऊन त्यास झाकिलें, आणि त्याबद्दल त्यांस आशीर्वाद मिळाला. परंतु, वाचकहो, हें लक्षांत घ्या कीं ज्या पुस्तकांत पुत्रांनीं पित्यास झाकिल्याचें वर्तमान आहे, त्याच पुस्तकानें पित्याचें पतन लपवून ठेविलें नाहीं. याकोबाचेंही तसेंच. त्यानें अंध बापास फसविलें, आणि पुढें एकाच पुत्रावर अधिक प्रीति करून भावाभावांत द्वेष पेटविला. १३० वर्षांचा होऊन तो फारोपुढें उभा राहिला, तेव्हां त्यानें दीर्घायुष्याची बढाई मारिली नाहीं. आपलें आयुष्य तोकडें व कष्टाचें गेलें अशीच कबुली दिली. हें सर्व लिहून ठेविलें आहे, म्हणूनच याकोब व एसाव यांनीं मिळून इसहाकास मूठमाती दिली, ही गोष्ट वाचतांना आपलें मन भरून येतें. फसवणूक गाळली असती तर त्या कबरेजवळ झालेली देवाची कृपा आपणांस दिसलीच नसती.

तर मग हामाचा अपराध कोणता? पित्याची लज्जा पाहून तो बाहेर गेला व ती दुसऱ्यांस सांगता झाला. पित्यास झाकावयास मात्र तो पुढें झाला नाहीं. जो दुसऱ्याचा दोष सांगतो पण त्याचा भार घेत नाहीं, तो हामाच्या वाटेनें जातो. आमची स्थिति निराळी होती. आजोबांच्या मागें सातबाराच्या उताऱ्यावर आमचीं नांवें चढलीं, आणि त्या जमिनीबरोबर तो अबोलाही आमच्या वांट्यास आला. चुलत घराण्याचीं मुलें आजही मंदिरांत पलीकडच्या बांकावर बसतात. आम्ही गप्प राहिलों असतों तर आजोबांचा सन्मान झाला नसता. त्यांचें भांडण मात्र पुढें चाललें असतें.

स्मरणाच्या उपासनेच्या आदल्या रात्रीं आमचे थोरले चुलते त्या घरीं गेले व चुलत आजीस म्हणाले, "उद्यां हें मंडळीपुढें बोलावें असें मनांत आहे. तुमची परवानगी असेल तरच बोलेन." म्हातारी बराच वेळ उगी राहिली. मग म्हणाली, "सांग बाबा. पण ते बांधापर्यंत आले होते, हेंही सांग. मीं दारांतून पाहिलें होतें."

इतकीं वर्षें ती गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती. आम्ही दोष सांगण्याची परवानगी मागावयास गेलों, आणि तिनें आजोबांच्या पश्चात्तापाची साक्ष आमच्या हातीं दिली. पांचव्या आज्ञेंतील सन्मानाचा अर्थ आम्हांस त्या रात्रीं कळला.

वाचकहो, ज्यांच्या घरीं असे वृद्ध आज हयात आहेत त्यांनीं स्मरणाच्या दिवसाची वाट पाहूं नये. बांधापर्यंत गेलेल्या माणसास हात धरून पलीकडे नेणारा कोणी तरी लागतो. ते काम मुलानातवांचें आहे, आणि तें त्यांच्या जिवंतपणींच करावें.