स्मरणार्थ

आपल्या शाळांमध्ये गेलेल्या माणसांची नावं सगळीकडे असतात. पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर, ग्रंथालयाच्या कपाटावर. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. दहावीला गणितात पहिल्या आलेल्या मुलीला कुठल्याशा ठेवीच्या व्याजातून एकशे एक रुपये मिळतात आणि स्टेजवरून खाली उतरेपर्यंत ती त्या अमुकांचं नाव विसरलेली असते. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मलाही वाटत नाही. घरच्यांना वर्षातून एकदा ते नाव माइकवरून ऐकायचं होतं, ते ऐकू आलं.

रक्कम मोठी झाली, तिच्यावर एखाद्याचं शिक्षण उभं राहायला लागलं, की मात्र प्रश्न अवघड होतो. ज्याच्या नावाने आपण शिकतो, त्याचं आपण काय देणं लागतो?

मी विज्ञान-तंत्रज्ञान धोरण या विषयात एम.ए. करते आहे. घरी अजून कुणाला हे नीट सांगता आलेलं नाही. मामा दर दिवाळीला विचारतो, "म्हणजे सायन्स सोडलंस ना?" सोडलं नाही. लस आधी कुणाला द्यायची, अणुभट्टी कुणाच्या गावात उभारायची, कुणाची माहिती कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची, हे ठरवताना विज्ञान लागतंच, पण ते पुरत नाही. उरलेलं जे लागतं, ते आम्ही शिकतो.

या क्षेत्रातल्या मुलामुलींना एक नाव माहीत असतं: क्रिस्टीन मिर्झायान. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल अकॅडमीज ही अमेरिकी सरकारला वैज्ञानिक सल्ला देणारी संस्था. तिची सनद १८६३ ची, लिंकनच्या काळातली. तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि नुकतीच पीएच.डी. झालेल्यांना काही आठवडे धोरणाचं काम आतून बघता येतं, ती फेलोशिप या नावाने ओळखली जाते. अर्ज करणारे नाव गुगल करतात आणि तिथेच थबकतात. क्रिस्टीन जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. झालेली, तिशीही न गाठलेली संशोधक होती. १९९८ च्या उन्हाळ्यात ती याच संस्थेत इंटर्न होती. ऑगस्टच्या एका रात्री मित्रमंडळींकडून चालत घरी जाताना जॉर्जटाउन भागात तिचा खून झाला.

एकवीस वर्षं खुनी सापडला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एकाला अटक झाली, ती जनुकीय वंशावळीच्या आधारे. आणि इथेच ही गोष्ट माझ्या अभ्यासक्रमात शिरते.

ही पद्धत थोडी समजून घ्यायला हवी. अमेरिकी पोलिसांच्या कोडिस नावाच्या डेटाबेसमध्ये माणसाच्या डीएनएतल्या मोजक्या वीसेक जागा नोंदवलेल्या असतात. त्यावरून तोच माणूस आधी पकडला गेला होता का, एवढं कळतं. फार तर अगदी सख्खं नातं. पण हौसेखातर आपलं मूळ शोधणारे लोक लाखो जागांची माहिती खुल्या संकेतस्थळांवर टाकतात. तिच्यावरून दूरचे नातेवाईक सापडतात. मग जन्मनोंदी, लग्नाच्या नोंदी, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता जुळवत जुळवत एका माणसापर्यंत पोचायचं. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हिशोब मांडला, की युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसाचा शोध घेतला तर सुमारे ६० टक्के वेळा खापरपणजोबा एक असलेलं किंवा त्याहून जवळचं भावंड सापडेल. त्या माणसाने स्वतः कधी थुंकीची नळी पाठवलेली नसली तरी.

आपल्या भाषेत सांगायचं तर भावकीतल्या एकाने होकार दिला आणि सगळी भावकी उघडी पडली. ज्यांच्याशी बांधावरून तीन पिढ्या बोलणं नाही, तेसुद्धा.

मला शोधनिबंधासाठी हाच विषय मिळाला. अशा शोधाला पोलिसांना किती मोकळीक असावी? माझा कल मोकळीक कमी असावी, याकडे आहे. आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. पण मधल्या काळात, २०२२ मध्ये, फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा झाला आणि जैविक नमुने घेण्याचा पोलिसांचा अधिकार वाढला. असे नमुने आधी कुणाचे गोळा होतील, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कुणाला सांगावं लागू नये. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, सवय रद्द झाली नाही. त्या सवयीच्या हातात डीएनएची पेढी द्यायची, तर कुलूप आधी आणि पेढी नंतर, असं मला वाटतं.

मी हे वर्गात मांडलं, तेव्हा माझी रूममेट मागच्या बाकावर होती. रात्री मेसमध्ये ती म्हणाली, "तुझ्या फील्डमधली सगळ्यात मोठी फेलोशिप जिच्या नावाने आहे, तिचा खुनी याच पद्धतीने सापडला. आणि तू म्हणतेस ही पद्धत आवळा. तिच्या नावाचे पैसे घेऊन असं लिहिशील?"

मी ते पैसे घेतलेले नाहीत, हे उत्तर खरं होतं पण पळवाटेचं होतं. तिचा प्रश्न सोपा नाही. शिवाय स्टेशनवरून हॉस्टेलला रात्री साडेदहाला आम्ही दोघीही फोन कानाला लावून चालतो, पलीकडे कुणी असो वा नसो.

हयात माणसाने दिलेल्या मदतीचं निदान काही ठरलेलं तरी असतं. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हा करार होता: शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीवर गेले. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून हुसकावलं गेलं आणि ते परतले. करार मोडला. का मोडला, ते महाराजांना सांगता येत होतं. देणारा ऐकायला होता. चिडेल, समजून घेईल, सोडून देईल, काहीतरी करेल.

मेलेल्या देणाऱ्याचं निदान मृत्युपत्र असतं. सेसिल ऱ्होड्सने आपल्या पैशाने आपलं नाव टिकावं, अशी तजवीज करून ठेवली आणि १९०२ मध्ये तो गेला. २०१५ मध्ये केपटाउन विद्यापीठातून त्याचा पुतळा हलवला गेला, आंदोलन ऑक्सफर्डला पोचलं आणि तिथल्या आंदोलकांत ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थीच पुढे होता. कृतघ्न म्हणून त्याच्यावर बरीच टीका झाली. मला ती पटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून काढलेला पैसा आफ्रिकेतल्या मुलाने घ्यायचा आणि वर जन्मभर हात जोडायचे, हा अजब न्याय आहे.

क्रिस्टीनची गोष्ट मात्र या दोन्हीत बसत नाही. तिने पैसे ठेवले नव्हते, अटी घातल्या नव्हत्या, नाव मागे राहावं म्हणून काही केलं नव्हतं. तिला तो उन्हाळा संपवून कामाला लागायचं होतं. तिचं मत काय असतं, हे कुणालाच माहीत नाही. माझ्या रूममेटला नाही, मलाही नाही. म्हणून 'तिच्या नावाने तरी' हा युक्तिवाद मला खटकतो. जी बोलू शकत नाही तिला साक्षीला उभं करायचं आणि तिच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं. मीही उलट बाजूने तेच करू शकते: ती शास्त्रज्ञ होती, धोरणाकडे वळली होती, तिला सावधपणाच पटला असता, वगैरे. तेही तेवढंच लबाडीचं.

जुन्या लोकांकडे ऋषिऋण नावाची कल्पना होती. तिच्यातल्या कर्मकांडाशी मला देणंघेणं नाही, पण तिचा व्यवहार मला आवडतो: हे ऋण ज्याचं त्याला परत करायचं नसतं, अभ्यास करून फेडायचं असतं. ऋषीशी सहमत व्हा, अशी अट त्यात नाही.

क्रिस्टीन ज्या संस्थेत गेली होती, तिचं काम होतं वजन करणं. याच संस्थेने १९९२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये न्यायवैद्यक डीएनएवर अहवाल काढले होते: प्रयोगशाळेची चूक किती धरायची, जुळणी झाली म्हणजे न्यायालयात नेमकं काय सिद्ध होतं. ती तिथे पोचण्याच्या दोनच वर्षं आधीची ही गोष्ट. तिच्या नावाला काही लागू असेलच, तर अशा प्रकारचं काम लागू आहे, असं मी रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, "छान. मग तिच्या आईला हे वाचून दाखवता येईल असं लिही."

हे वाक्य मला लागलं, आणि उपयोगी पडलं.

कारण तोवर माझ्या निबंधात खासगीपणाच्या बाजूला सगळे पुरावे होते आणि दुसऱ्या बाजूला 'काही गंभीर प्रकरणांत उपयोग' एवढे चार शब्द. आता ते प्रकरण पुन्हा लिहिते आहे. माझी भूमिका तीच आहे: फक्त खून आणि लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांत, इतर मार्ग संपल्यावर, न्यायालयाच्या परवानगीने, आणि ज्यांनी पोलिसांच्या शोधाला स्पष्ट होकार दिला आहे अशांच्याच माहितीत. यातल्या पहिल्या दोन अटी अमेरिकी न्याय खात्याच्या १ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झालेल्या अंतरिम धोरणातही आहेत. शेवटची अट महाग आहे. मे २०१९ मध्ये 'जेडमॅच' या संकेतस्थळाने वापरकर्त्यांचा होकार आधी विचारायला सुरुवात केली, तेव्हा पोलिसांना शोधता येणारी माहिती एका दिवसात नाहीशी झाल्यासारखी झाली.

क्रिस्टीनच्या खुनाचा आरोपी २०२२ मध्ये खटला उभा राहण्याआधीच कोठडीत मेला. न्यायालयात तो पुरावा तपासलाच गेला नाही. हेही निबंधात आहे, कुठल्याच बाजूला न झुकवता.

आणि आता एक नवा परिच्छेद आहे, सध्या सात ओळींचा. माझ्या नियमात क्रिस्टीनची केस गुन्हा म्हणून बसते. पण योग्य त्या दूरच्या नातेवाइकाने होकाराच्या चौकोनात खूण केलेली नसती, तर ती उलगडली नसती, आणि तरीही मी हाच नियम सुचवते आहे, असं त्यात लिहिलं आहे. मार्गदर्शक मॅडमनी समासात पेन्सिलने विचारलंय, "हे इतकं उघड लिहायची गरज आहे का?" मी परिच्छेद तसाच ठेवला आहे. सोमवारी त्यांच्याशी बोलायचं आहे.