दारातला सोबती

सुरतेत पहाटे कुत्र्याला फिरवायला नेणारे भेटतात. पाऊस असो की अंग दुखो, मुक्या जिवासाठी ते उठतातच. ख्रिस्ती मनुष्याने जनावरावर इतकी माया करावी काय? जरूर करावी. पशूची काळजी हे नीतिमानाचे लक्षण होय (नीति. १२:१०). या शहरातील जनावरांच्या आश्रयस्थानाचे वर्णन १८व्या शतकातील युरोपीय प्रवाशांनीही लिहून ठेवले आहे.

परंतु लाजराचा दाखला आठवा (लूक १६). दारात पडलेल्या त्या दुखणाईताजवळ कुत्री आली. घरधनी आला नाही. कुत्र्याला घास घालणे हे पाप नव्हे. दारातला मनुष्य न दिसणे हे पाप होय.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना विचारावे: तुमच्या कुत्र्याचे नाव काय? आणि जिन्याखाली राहणाऱ्या आजोबांचे?